अर्जात ‘मी कोण’ किती लिहायचं? आनंदीबाईंच्या एका पत्राच्या निमित्तानं

परदेशी विद्यापीठांच्या अर्जांचा हंगाम गणपती गेले की सुरू होतो आणि माझ्या फोनवर मसुदे येऊन पडायला लागतात. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव या लोकलच्या पट्ट्यातली मुलंमुली. एमएस्सी झालेली किंवा होत आलेली. मार्क बरे, प्रोजेक्ट केलेला, प्रयोगशाळेत हात बसलेला. अडतात ती एकाच ठिकाणी. संशोधनात काय करायचंय ते सांगणारं ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ कसंबसं जमतं, पण बरीच विद्यापीठं त्याच्या जोडीला ‘पर्सनल स्टेटमेंट’ही मागतात. तुम्ही कुठून आलात, तुमची ओळख काय, तिनं तुम्हाला इथवर कसं आणलं, ते लिहा म्हणतात.

मग दोन प्रकारचे मसुदे येतात. पहिल्यात धुकं, धबधबे, लोहगड-विसापूर आणि ‘लहानपणापासून निसर्गाची ओढ’. लोणावळ्यातल्या एखाद्या हॉटेलचं माहितीपत्रक वाचतोय असं वाटतं. दुसऱ्यात नुसतं दुःख. गरिबी, आजारपण, अपमान, सगळं एका पानात कोंबलेलं, आणि शेवटच्या ओळीत ‘म्हणून मला पीएचडी करायची आहे’. तो ‘म्हणून’ कुठून आला ते काही कळत नाही.

याचं एक कारण मला वाटतं आपल्या फॉर्ममध्ये आहे. आपल्याकडे ओळख हा रकाना असतो. जात, प्रवर्ग, उत्पन्न, अधिवास. प्रत्येकाला दाखला. वडगावच्या तहसील कचेरीत कागद द्यायचे, शिक्क्याचा दाखला आणायचा, अर्जाला जोडायचा. तुम्ही कोण आहात याचा पुरावा सरकार देतं, तुम्ही त्यावर निबंध लिहायचा नसतो. (आणि ते बरंच आहे. हक्क कुणाच्या भाषाशैलीवर अवलंबून असू नये.) पण पर्सनल स्टेटमेंटमध्ये सगळं उलटं होतं. शिक्का नाही, रकाना नाही. पुरावा तुम्हीच मांडायचा, आणि तो कशाचा पुरावा आहे हेही तुम्हीच ठरवायचं.

म्हणून नमुना मागणाऱ्याला मी आजकालचे मसुदे पाठवत नाही. २८ जून १८८३ या तारखेचं एक पत्र वाचायला सांगते. न्यू जर्सीतल्या रोझेल गावाहून आनंदीबाई जोशी यांनी ते लिहिलं, फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाच्या कारभारातले आल्फ्रेड जोन्स यांना. मला प्रवेश द्या, एवढाच विषय. त्या कॉलेजची कागदपत्रं आता ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत आणि हे पत्र तिथं जपलेलं आहे. मी रसायनशास्त्रात एमएस्सी करून विज्ञानाच्या इतिहासाकडे वळले, त्यामुळे जुने कागद वाचणं हेच आता माझं काम आहे. त्या कामात जे प्रश्न कागदाला विचारायचे असतात, तेच प्रश्न तुम्ही स्वतःच्या मसुद्याला विचारावेत असं मला वाटतं. हा कागद कुणासाठी लिहिला? त्या वाचणाऱ्याच्या मनात कोणती शंका होती? लिहिणारीनं काय सांगितलं, आणि काय सांगायचं टाळलं?

आनंदीबाईंची गोष्ट तुम्हाला ठाऊक असणार. श्री. ज. जोशींची कादंबरी आहे, २०१९ साली सिनेमा येऊन गेला. म्हणून भराभर सांगते. जन्म ३१ मार्च १८६५, कल्याणचा, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी गोपाळराव जोशींशी लग्न, ते पोस्टखात्यात. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं.

इथं थांबा, कारण या जोडप्याचा एक आधीचा अर्ज आहे आणि तो फसलेला आहे. फसलेले अर्ज इतिहासात फार कामाचे असतात. १८७८ मध्ये गोपाळराव कोल्हापूरला असताना त्यांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. वाइल्डर पूर्वी कोल्हापुरातच होते, मग प्रिन्स्टनला परतले होते. पत्रातली मागणी अशी की मला तिकडे काम मिळेल का आणि माझ्या बायकोला शिकता येईल का. वाइल्डर यांच्या उत्तराचा रोख असा होता की दोघं ख्रिस्ती झाली तर वाट सोपी होईल. म्हणजे शिक्षणाच्या बदल्यात ओळख. जोशी पतिपत्नींना ते मान्य नव्हतं. वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार आपल्या ‘मिशनरी रिव्ह्यू’ मासिकात छापून टाकला. तो अंक १८८० मध्ये दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट पाहताना थिओडिशिया कार्पेंटर या रोझेलच्या बाईंच्या हातात पडला, त्यांनी आनंदीबाईंना पत्र टाकलं आणि पुढची वाट तिथून निघाली. अर्ज फसला, पण कागद फिरत राहिला.

दुसरा कागद म्हणजे भाषण. तोवर गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली होती. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई बोलल्या. आपल्या नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, कोलकात्याजवळचं. विषय होता, मी अमेरिकेला का जाते. अठरा वर्षं पुरी व्हायला महिना राहिलेली मुलगी. कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये बॉस्टनहून काढलेल्या चरित्रात हे भाषण आहे, जरूर वाचा. त्याची बांधणी मला अजून थक्क करते. लोक आपल्याला जे सहा प्रश्न विचारतात ते त्यांनी आधी मांडले. अमेरिकेला का जाता? हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? एकट्याच का? परत आल्यावर वाळीत टाकलं तर? तिकडे काही संकट आलं तर? आणि कुठल्याच बाईनं केलं नाही ते तुम्हीच का करावं? मग एकेकाला उत्तर.

‘इथं सोय नाही का’ या प्रश्नाचं उत्तर बघा. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात तेव्हा बायकांना प्रवेश मिळत होता, हे त्या लपवत नाहीत. इतर इलाख्यांत सुईणीच्या कामाचे वर्ग आहेत, तेही सांगतात. ते पुरेसं का नाही आणि त्यांच्यासारख्या बाईला तिथं शिकणं का अवघड, हे दाखवताना रस्त्यानं चालत गेलं की लोक कसे जमतात, हसतात, टोमणे मारतात, हा स्वतःचा अनुभव पुढे ठेवतात. तो रडगाणं म्हणून येत नाही. ‘सोय आहे’ असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा खोडायला साक्ष म्हणून येतो. आणि वाळीत टाकण्याच्या प्रश्नावर त्या ठामपणे सांगतात की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन इथं राहीन.

७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून निघाल्या, ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. चोवीस दिवसांनी जोन्स यांना पत्र.

आता भाषण आणि पत्र शेजारी ठेवा. मधे चार महिने गेलेत, बाई तीच, हेतू तोच. पण भाषणात सगळ्यांत पुढे असलेलं हिंदूपण पत्रात त्या जागी नाही. पत्रात जात येते ती अडथळा म्हणून. माझी माणसं आणि माझी जात यांनी मिळून विरोध केला, त्याला तोंड देऊन मी इथवर आले. ज्या निश्चयानं मला इथवर आणलं तोच निश्चय पुढचं कामही करून घेईल, असा युक्तिवाद. मग काम कोणतं? माझ्या देशातल्या बायकांना वैद्यकीय मदत हवी आहे आणि पुरुष डॉक्टरकडून ती घेण्यापेक्षा त्या मरण पत्करतील, म्हणून बाई डॉक्टर हवी.

मग खरं काय, भाषण की पत्र? दोन्ही. श्रीरामपूरच्या श्रोत्यांची भीती होती की ही बाटेल. फिलाडेल्फियाच्या मंडळींची शंका वेगळी. या मुलीचं रीतसर शिक्षण नाही, ही टिकेल का? आनंदीबाई प्रत्येक ठिकाणी त्या-त्या शंकेला उत्तर देतात, आणि त्या उत्तराला लागेल तेवढीच ओळख पुढे करतात. खोटं कुठंच बोलत नाहीत. तुमच्या मसुद्यात हेच नसतं. तुम्ही ‘मी कोण’ या प्रश्नाचं उत्तर देत बसता. निवड समितीला तो प्रश्न पडलेलाच नसतो. तिला पडलेला असतो तो ‘या मुलाला हे काम झेपेल असं का समजावं?’ हा.

पत्रात कमतरता कशी मांडली आहे तेही पाहा. तुमच्या प्रवेशाच्या सगळ्या अटी मी कदाचित पुऱ्या करत नसेन, पण माझं प्रकरण नेहमीसारखं नाही, तेव्हा सवलतीनं बघा, असं त्या सरळ लिहितात. प्रकृती चांगली आहे असंही सांगतात. (पुढचं माहीत असल्यामुळे ते वाक्य वाचवत नाही.) शेवटाकडे म्हणतात की स्वतःसाठी काही मागत नाही, या कामाला लायक व्हायला जे लागेल ते तुमच्या कॉलेजच्या दारात मागते, किंवा जे दुसरं कॉलेज मला घेईल त्याच्या. अर्जदारानं ‘किंवा दुसरं’ असं लिहायला धाडस लागतं. विनंती आहे, पण लाचारी नाही.

आणि मूल? आपल्याकडे दहा दिवसांचं बाळ गेलं आणि त्यातून डॉक्टर व्हायचा निश्चय झाला, अशीच गोष्ट सांगितली जाते. पत्राचा युक्तिवाद मात्र त्या बाळावर उभा नाही. आजच्या कुठल्याही सल्लागारानं तेच पहिल्या परिच्छेदात घ्यायला लावलं असतं. दुःख दाखवणं आणि दुःखातून आलेली समज वापरणं यात फरक आहे. पुरुष डॉक्टरकडे न जाता मरणाऱ्या बायकांबद्दल लिहिताना त्या कशाच्या बळावर लिहीत होत्या, हे वाचणाऱ्याला न सांगताही त्यांचं वाक्य उभं राहतं.

आता थोडं विरुद्ध बाजूनं, नाहीतर ही नुसती आरती होईल. ‘माझ्या देशातल्या बायका’ म्हणताना आनंदीबाई कुणाबद्दल बोलतात? पुरुष डॉक्टरला हात लावू न देणं हा प्रामुख्यानं वरच्या जातींच्या, पडदा-सोवळ्याच्या घरांतला प्रश्न. खेड्यापाड्यांत बाळंतपणं सुईणी करत होत्या, त्यांचं ज्ञान या पत्रात कुठंच नाही. शिवाय ‘बिचाऱ्या, पीडित हिंदू बाया’ हे चित्र त्या काळच्या अमेरिकन वाचकाला फार आवडायचं, मिशनरी मासिकं त्यावरच चालायची. पत्र त्या आवडीला स्पर्श करून जातं. माझं मत असं की आनंदीबाईंना ते कळत होतं आणि त्यांनी ते बेतानं वापरलं. तुम्हालाही हा मोह होणार आहे. आपल्या गावाला जास्त मागास, आपल्या आईला जास्त अडाणी रंगवलं की परका वाचक हळहळतो. तसं करायच्या आधी तो मसुदा आईला मराठीत वाचून दाखवता येईल का ते बघा.

प्रवेश मिळाला. तिथल्या डीन रेचल बॉडली या मूळच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक (हे लिहिताना मला उगाच बरं वाटतं). ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एमडी मिळाली, पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. म्हणजे अर्जात जी ओळख कारण म्हणून आली होती, तीच प्रबंधात अभ्यासाचा विषय झाली. अर्ज आणि संशोधन यांत असा धागा राहणं दुर्मीळ आहे. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागाची जबाबदारी त्यांना मिळाली, पण त्या क्षयानं पोखरलेल्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. वय २१. त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाकडे गेल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत जी शिळा आहे तिच्यावर त्यांची ओळख शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशी कोरली आहे. पत्रात जी जात विरोधक होती, ती दगडावर बिरुद झाली. तुमची ओळख तुम्ही लिहिली नाहीत तर दुसरं कुणीतरी लिहितं, आणि ते प्रेमानं लिहितानाही असं होऊ शकतं.

आता दुसरी बाजू, विचारणाऱ्याची. आनंदीबाईंना कुणी छापील फॉर्म देऊन ‘तुमची ओळख लिहा’ म्हटलं नव्हतं. अमेरिकन कॉलेजांनी हे रीतसर विचारायला सुरुवात केली ती पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे, आणि तो इतिहास फारसा चांगला नाही. नुसत्या परीक्षेवर प्रवेश दिला तर ज्यू मुलं फार येतात, ही तिथल्या जुन्या कॉलेजांची तक्रार होती. कोलंबियानं १९१९ मध्ये आठ पानी फॉर्म आणला. त्यात धर्म, वडिलांचं नाव आणि धंदा, जन्मस्थान, सगळं. हार्वर्डनं १९२२ मध्ये विचारलं की जन्मानंतर तुमच्या किंवा वडिलांच्या नावात काही बदल झालाय का, असल्यास सविस्तर खुलासा करा. आडनाव बदललेला ज्यू शोधून काढायला. ‘चारित्र्य’, ‘व्यक्तिमत्त्व’ हे शब्द प्रवेशाच्या भाषेत मानाचे झाले ते याच काळात. जेरोम काराबेल यांचं ‘द चोझन’ हे २००५ चं पुस्तक याच इतिहासावर आहे, जाडजूड आहे पण रंजक.

नावाचा तो प्रश्न वाचला की मला साताऱ्याच्या शाळेतली ७ नोव्हेंबर १९०० ची नोंद आठवते. भिवा रामजी आंबेडकर. घराण्याचं आडनाव सकपाळ, गाव आंबडवे, नोंदवहीत आंबेडकर. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियातच गेले, त्या आठ पानी फॉर्मच्या सहा वर्षं आधी. हार्वर्डचा प्रश्न आपल्याकडच्या किती घरांना अडचणीचा गेला असता याचा विचार करा. आडनावावरून जात कळते म्हणून ते बदललेली माणसं तुमच्याही ओळखीत असतील.

बाबासाहेबांचा प्रवेशअर्ज मी इथं घेत नाही, पण त्यांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटं लिखाण पर्सनल स्टेटमेंटच्या आधी प्रत्येकानं वाचावं. अस्पृश्यता काय असते हे परदेशी वाचकाला कसं कळावं, हा तिथला प्रश्न. त्यावर त्यांनी सिद्धांत मांडला नाही, घडलेले प्रसंग सांगितले. मसूर स्टेशनवर उतरलेली लहान मुलं, न्यायला कुणी आलेलं नाही, जात कळल्यावर गाडीवाले तयार नाहीत. शेवटी दुप्पट भाडं ठरतं, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूनं चालणार. भाड्याचा आकडा, गाडी कोण हाकणार, पाणी कुठं मिळेल, असले तपशील. ‘मला फार अपमान वाटला’ हे सांगायची गरजच उरत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे पटायला हवं. निरीक्षण आधी, निष्कर्ष नंतर.

आणखी एक तारीख. २९ जून २०२३, आनंदीबाईंच्या पत्राला १४० वर्षं आणि एक दिवस. त्या दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हार्वर्डच्या खटल्यात प्रवेशासाठी वंश विचारात घेणं बेकायदा ठरवलं. पण सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी एक वाट मोकळी ठेवली. वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदार निबंधात लिहू शकतो, मात्र ते त्याच्या अंगच्या एखाद्या गुणाशी किंवा क्षमतेशी जोडलेलं हवं. रकाना गेला, निबंधावरचं ओझं वाढलं. हल्ली अर्जांत ओळखीवरचे प्रश्न जास्त दिसतात, त्याचा या निकालाशी संबंध आहे. पदवीच्या प्रवेशांपुरतं हे जास्त, पीएचडीला कमी, पण वारं तेच.

आता लोणावळ्याकडे. समजा तुम्ही घाटात ट्रॅकमन असलेल्या माणसाची मुलगी आहात आणि दरडींच्या स्थैर्यावर संशोधनासाठी अर्ज करताय. ‘माझे वडील गरीब रेल्वे कामगार आहेत, त्यांनी कष्टानं शिकवलं’ हे खरं आहे, पण ते अर्जाचं काम करत नाही. असं लिहून बघा. बोरघाटातून रेल्वे १८६३ पासून जाते. दर पावसाळ्यात दरड येते, मुंबई-पुणे गाड्या रद्द होतात, हे बातमीत येतं. वडील त्या रात्री गस्तीला असतात. कोणत्या वळणावर आधी बारीक खडे येतात, गटारातलं पाणी कधी गढूळ होतं, कोणत्या कातळामागे पाणी मुरतं, हे ते घरी बोलतात आणि तुम्ही ऐकत मोठ्या झालात. त्यातलं किती मोजता येईल, हा तुमचा प्रश्न. इथं वडील आले, घाट आला, घरची परिस्थितीही न सांगता आली. आणि ‘हिला हे काम झेपेल का’ या शंकेला उत्तर मिळालं.

किंवा तुमचं गाव वळवण, शिरवत्याच्या तलावांच्या काठचं असेल. टाटांनी मुंबईला वीज द्यायला हे तलाव बांधले, खोपोलीचं वीजघर १९१५ मध्ये सुरू झालं. आजोबांच्या तोंडी पाण्याखाली गेलेल्या शेतांची नावं असतील. तुम्ही गाळाचा अभ्यास करणार असाल, पाण्यातल्या शेवाळाचा किंवा जमिनीच्या जुन्या नोंदींचा, तर ती नावं तुमची सामग्री आहे. पण तुमचं संशोधन पॉलिमरवर असेल तर आजोबांची शेतं ओढूनताणून आणू नका. कोरडं, दोन परिच्छेदांचं स्टेटमेंट चालतं. पॉलिमरच्या प्रयोगशाळेत रात्री यंत्र बंद पडल्यावर तुम्ही काय केलंत, तेही तुम्ही कोण आहात हेच सांगतं.

सगळं सांगायला तुम्ही बांधील नाही, हेही लक्षात ठेवा. जात, आजार, घरातली भांडणं. ज्याचा तुमच्या कामाशी संबंध लागतो आणि जे परक्या माणसानं वाचलेलं तुम्हाला चालेल, तेवढंच. मसुदा झाला की प्रत्येक परिच्छेदासमोर पेन्सिलीनं एक शंका लिहा, समितीच्या मनातली. ज्या परिच्छेदासमोर शंका सुचत नाही तो काढा. आनंदीबाईंच्या सहा प्रश्नांची यादी जवळ ठेवलीत तर सोपं जाईल. ‘इथं सोय नाही का’ आणि ‘तुम्हीच का’ हे दोन तर जसेच्या तसे आजही लागू आहेत.

शिफारसपत्रांबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. कोलंबियाच्या सेलिगमन यांनी आंबेडकरांसाठी लंडनच्या फॉक्सवेल यांना लिहिलेल्या पत्रापासून पुढच्या वेळी सुरुवात करू.